एकनिष्ठ राहिलेल्या बाईने काय करायचे?

मी १९९७ साली वणीत दवाखाना टाकला. त्या काळी बसस्टँडच्या भिंतीवर आणि गडाच्या यात्रेतल्या आरोग्याच्या मंडपात एड्सची पोस्टर लागलेली असत. कवटी, लाल अक्षरे आणि खाली उपदेश : परस्त्रीपासून दूर राहा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, निरोध वापरा. चैत्राच्या यात्रेत त्या मंडपापुढे पुरुष थांबून वाचत. बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पोराला हाताशी धरून भराभर पुढे निघून जात. मला वाटे, लाजतात बिचाऱ्या. पुष्कळ उशिरा लक्षात आले की त्या पोस्टरवर त्यांच्यासाठी काही लिहिलेलेच नव्हते. परस्त्रीचा प्रश्न त्यांना लागू नव्हता. एकनिष्ठ त्या होत्याच. आणि निरोध वापरायचा की नाही हे त्यांच्या हातात नव्हते.

हे माझ्या लक्षात कसे आले ते आज सांगतो. त्यात माझीही चूक आहे. ज्या बाईविषयी लिहितो आहे तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे सगळे बदलले आहे.

सन २००० चा पावसाळा. पिंपळगावहून कांदा भरून बाहेरच्या राज्यांत जाणारा एक ट्रक ड्रायव्हर छातीवर नागीण उठली म्हणून आला. वय अठ्ठावीस. नागीण म्हाताऱ्या माणसाला उठली तर विशेष नाही, पण धडधाकट तरुणाला उठली की डॉक्टरच्या मनात शंका येते. मी त्याला रक्त तपासायला नाशिकला पाठवले. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला जमेल तसे मी समजावले. त्याने एकच धोशा लावला, "डॉक्टर, घरी कळायला नको. कळलं तर मी जीव देईन." मी शब्द दिला. कपाटातली निरोधची पाकिटे काढून त्याच्या हातात ठेवली आणि माझे कर्तव्य झाले असे समजलो.

चार-पाच महिन्यांनी त्याची आई सुनेला घेऊन आली. "लग्नाला दोन वर्षं झाली, हिला दिवस राहत नाहीत. काहीतरी बघा डॉक्टर." सून खाली मान घालून बसलेली. विचारल्यावर हळूच म्हणाली, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते. मी आठवड्याच्या गोळ्या लिहून दिल्या. तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट मला माहीत होता. तिला तो माहीत नव्हता. आणि ज्या घरात सासू सुनेची पाळी मोजते आहे, त्या घरात मी दिलेली पाकिटे उघडली जाणे शक्य नव्हते, हेही मला त्या क्षणी कळायला हवे होते. नवरा आईला काय कारण सांगणार? आणि बायकोलाच मूल हवे असताना तिने निरोधचा आग्रह धरावा तरी कशासाठी?

तिला मूल झाले, २००२ च्या सुरुवातीला, सुरगाणा तालुक्यातल्या माहेरी. बाळंतपण घरातच झाले. २००३ मध्ये नवरा क्षयाने गेला. २००४ च्या उन्हाळ्यात ती मुलाला घेऊन माझ्याकडे आली. दोन वर्षांचे पोर, पण वजन वर्षाच्या मुलाएवढेही नाही, तोंडात पांढरा थर. दोघांचे रक्त तपासले. रिपोर्ट सांगितल्यावर ती रडली नाही. तिने विचारले, "त्यांचं तुम्हाला कधी कळलं होतं?"

मी खरे ते सांगितले.

ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी राहिले असते का माहेरी गेले असते, ते माझं मी बघितलं असतं."

मूल त्या दिवाळीच्या आधी गेले.

वाचकहो, ही गोष्ट एका घराची नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात निम्म्या जणींना एचआयव्हीची लागण होती. कुणाला आश्चर्य वाटले नाही. उरलेल्या ३९१ जणी देहविक्रयाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यातही १३.६ टक्के जणींना लागण निघाली. हा अहवाल १९९७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमध्ये पसरणारी लागण, असाच त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता. या स्त्रिया गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सरसकट साऱ्या गृहिणींना लावणे बरोबर नाही. पण नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईला धोका कुठून आहे, हे त्या कागदाने १९९७ सालीच सांगितले होते. ज्या साली मी वणीत पाटी लावली, त्याच साली. मी तो कागद वाचला तो दहा वर्षांनी.

स्त्रीच्या शरीराची घडणही तिच्या विरुद्ध जाते. संबंधातून पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता स्त्रीकडून पुरुषाला होण्यापेक्षा जास्त, साधारण दुप्पट धरतात. त्यात आतून जखम किंवा जंतुसंसर्ग असेल तर विषाणूला दार उघडेच मिळते.

आता या आतल्या दुखण्याविषयी दोन शब्द. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आणि आयुष्यात कधीतरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात आठ. माझ्या दवाखान्यातला अनुभव वेगळा नाही. बाई येते ती कंबर दुखते म्हणून, हातपाय गळतात म्हणून. उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर सांगते, "अंगावरून पण जातं." ते ‘पण’ हेच खरे दुखणे असते. पुरुष डॉक्टर, पडद्याआड बसलेले चार पेशंट, बरोबर आलेली सासू. यात ती आणखी काय बोलणार? माझी पत्नी डॉक्टर नाही, पण दुपारी ती दवाखान्यात येऊन बसू लागली तेव्हापासून बायका जास्त बोलू लागल्या. मी काही निराळे केले नव्हते. खोलीत आणखी एक बाई होती, एवढेच.

सरकारने या आजारांसाठी औषधांची रंगीत पाकिटे काढली. पांढरे जाण्यासाठी हिरवे, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळे, असे. योजना चांगली आहे. शिक्षण नसलेल्या बाईलाही रंग कळतो, आणि औषध फुकट. पण बायकोला गोळ्या आणि नवरा तसाच, असे झाले तर महिन्याभरात दुखणे परत. म्हणून आम्ही सांगतो, जोडीदारानेही औषध घ्यावे. सांगणे सोपे आहे. ती बाई रात्री घरी जाऊन नवऱ्यापुढे गोळ्या ठेवते आणि म्हणते, ‘डॉक्टरांनी तुम्हाला पण घ्यायला सांगितल्यात.’ त्यावर पहिला प्रश्न काय येतो हे विवाहित वाचकांना सांगायला नको. ‘हे तू कुठून आणलंस?’ ज्याने आणले तो विचारतो, जिला मिळाले तिने उत्तर द्यायचे. एका बाईच्या गालावर उमटलेली बोटे मी पाहिली आहेत, माझ्याच चिठ्ठीमुळे. तेव्हापासून मी नवऱ्याचे औषध बायकोच्या हाती देत नाही. ‘अमक्या दिवशी त्यांना माझ्याकडे पाठव, तुझ्या रक्ताविषयी बोलायचे आहे’ एवढाच निरोप देतो. दहातले चार येतात. चार तर चार.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षे निघेपर्यंत सुरगाणा, पेठ, कळवणकडची कुटुंबे दिंडोरीच्या बागांत कामाला येतात. बागेच्या कडेला खोपटे टाकून राहतात. बाई पहाटे भाकऱ्या थापून बागेत जाते, दिवस मावळता परत येते. तपासणीच्या केंद्राची वेळ कचेरीची. रक्त द्यायला जायचे तर दिवसाचा रोज बुडतो, आणि मुकादमाला कारण सांगावे लागते. पुरुषाला ट्रकतळावर, ढाब्यावर गाठून माहिती देणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, रात्री दहालाही. या बाईला रात्री आठला भेटायला कुणी खोपटाशी गेलेले मी फारसे पाहिले नाही. आशाताई जातात, पण त्यांच्या वहीत तिची नोंद असते ती गरोदर म्हणून, नाहीतर लेकुरवाळी म्हणून. ती दोन्ही नसेल तर वहीत तिला रकानाच सापडत नाही.

याउलट सांगलीचे उदाहरण मला फार शिकवून गेले. तिथे मीना शेषू यांनी १९९२ मध्ये ‘संग्राम’चे काम सुरू केले, आणि १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. रोग पसरवणाऱ्या बायका म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्याऐवजी, रोग थांबवण्याचे काम त्यांच्याच हाती दिले गेले. निरोध त्याच वाटू लागल्या. एका गल्लीतल्या सगळ्या जणींनी मिळून निरोधशिवाय नाही म्हटले की गिऱ्हाइकाला दुसरे दार राहत नाही. समाजाने ज्यांना खालच्या ठरवले त्या बायकांना नाही म्हणण्याचे बळ मिळाले, कारण त्या एकत्र होत्या. आपल्या घरातली लक्ष्मी मात्र त्या खोलीत एकटीच असते. हे वाक्य काहींना आवडणार नाही, पण मला ते खोडता येत नाही.

मग गृहिणीकडे कार्यक्रमाचे लक्ष केव्हा गेले? ती गरोदर राहिली तेव्हा. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून २००१-०२ च्या सुमारास सरकारी रुग्णालयांत सोय होऊ लागली. उपाय न केल्यास शंभर लागण झालेल्या मातांच्या वीस ते पंचेचाळीस बाळांना, अंगावरच्या दुधाचा काळ धरून, लागण होते. त्या वेळी आईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला ७२ तासांच्या आत एक डोस, असा उपाय होता. त्याने पुष्कळ मुले वाचली, त्याबद्दल वाद नाही. पण आईचे काय? तिला डिस्चार्ज. तिच्या स्वतःच्या आजारावर सरकारी फुकट उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, तेही सुरुवातीला देशातल्या मोजक्या रुग्णालयांत; आपल्या राज्यात मुंबईच्या जे. जे. मध्ये. शिवाय त्या एका गोळीमुळे काही जणींच्या शरीरातला विषाणू नेव्हिरापिनला दाद देईनासा व्हायचा, आणि पुढे तिच्या उपचारात हेच औषध असायचे. म्हणजे बाळासाठी आईच्या वाट्याचे औषध खर्ची पडले. तिला हे कुणी विचारले होते, असे मला आठवत नाही. लागण झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला जन्मभराचे उपचार द्यायचे हे धोरण २०१४ मध्ये आले, आणि २०१७ पासून ज्याला लागण आहे त्या प्रत्येकाला.

माझ्या त्या पेशंटला औषध मिळाले ते पुढे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात केंद्र सुरू झाल्यावर. तोवर सासरी तिची ताटवाटी वेगळी झाली होती आणि तिचे अंथरूण गोठ्यालगतच्या पडवीत गेले होते. नवऱ्याच्या वाट्यात विधवेला हक्क आहे हे १९५६ च्या कायद्यापासून स्पष्ट आहे. ते तिला सांगणारे कुणी नव्हते. रक्त तपासण्याच्या कामात जमिनीचा उतारा कुठे येतो, असे मलाही वाटायचे. पण गोळी उपाशीपोटी किती दिवस घेणार, आणि पडवीत गोळ्यांचा डबा लपवणार कुठे? भाऊ भला निघाला. त्याने तिला ठेवून घेतले. जमीन मिळाली नाही.

आता कायदा बदलला आहे, तो वाचकांनी माहीत करून घ्यावा. एचआयव्हीविषयीचा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही. लागण झाली म्हणून बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. आणि माझ्यासारख्या डॉक्टरांपुढचा जो पेच होता, त्याचेही उत्तर त्यात आहे. जोडीदाराला खराच धोका असेल, पेशंटला समजावूनही तो सांगत नसेल, तर त्याला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक त्या जोडीदाराला समक्ष भेटून, समजावून सांगू शकतो. पण लागण झालेली व्यक्ती स्त्री असेल, आणि नवऱ्याला सांगितल्याने तिला मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी सबळ भीती असेल, तर सांगायचे नाही. हे कलम ज्याने लिहिले त्याला आमच्या गावातली घरे ठाऊक असली पाहिजेत.

उपचारही आता सोपे झाले आहेत. बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. लागण असलेल्या जोडीदाराने लवकर औषध सुरू केले तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ साली नऊ देशांतल्या जोडप्यांच्या अभ्यासात दिसले. पुणेही त्यात होते. त्या ड्रायव्हरने आज औषध नियमित घेतले असते आणि रक्तातला विषाणू सापडेनासा झाला असता, तर बायकोला लागण झाली नसती आणि तिला निरोगी मूलही झाले असते. ‘मूल नको’ हे कुणालाही सांगावे लागले नसते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनची चाचणी झाली. ते घेणाऱ्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. मला त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. नवऱ्याला विचारावे लागत नाही, आणि दिवस राहायला आडकाठी नाही. स्त्रियांसाठीचा निरोध फार आधी आला होता, पण तो घातला की नवऱ्याला दिसतोच, आणि मूलही होत नाही. इंजेक्शन आमच्या बागेतल्या बाईपर्यंत येईल तेव्हा खरे.

देशात २०१० ते २०२१ या काळात नव्या लागणी सुमारे ४६ टक्क्यांनी घटल्या, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा अंदाज आहे. २०२१ मध्ये देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. देशातल्या या लोकांत शंभरात जवळपास पंचेचाळीस स्त्रिया. पोस्टर आता कमी झाली, कवट्याही गेल्या. चर्चाही थांबली.

वणीच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते. पैसे लागत नाहीत, नाव बाहेर जात नाही. १०९७ हा फोन फुकट आहे, आणि पलीकडचा माणूस तुमचे नाव विचारल्यावाचून बोलतो. गरोदर बाईचे रक्त पहिल्याच भेटीत तपासतात, तेही चांगलेच. पण नवऱ्याचे रक्त सहसा घेतात ते तिचा रिपोर्ट बिघडला तरच. आज तिला लागण नसेल आणि नवऱ्याला असेल, तर ती बाळंत होईपर्यंत किंवा अंगावर पाजत असताना केव्हाही लागू शकते, आणि नुकती लागण झालेल्या आईकडून बाळाला धोका अधिक असतो. म्हणून मी हल्ली चिठ्ठीवर दोघांची नावे लिहितो. काही नवरे चिठ्ठी खिशात घालतात आणि परत दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. रोजची गोळी चालू आहे, तब्येत ठीक आहे, भावाच्या बागेत विरळणीची कामे करते. बरोबर भाची होती, पाचवा महिना, आणि भाचीचा नवरा. मी दोघांची चिठ्ठी लिहिली. जावई जरा तिरपाच झाला, "मला कशाला? मला काय झालंय?"

ती म्हणाली, "तिला तरी काय झालंय? तिचं घेतलंच ना रक्त. चला, मी येते बरोबर."

तिघे रुग्णालयाच्या बाजूला गेले. तासाभराने ती एकटी परत आली आणि दारातूनच मला खूण केली, दोन बोटांची.